नदीत माणूस हाय

मी एक जुना टोप आहे. लढाऊ विमान चालवणाऱ्याच्या डोक्यावरचा. इंग्रजीत मला हेल्मेट म्हणतात, पण सध्या मी ज्या घरात राहतो तिथल्या चांगुणाबाईंनी पहिल्याच दिवशी मला टोप म्हटले, आणि चांगुणाबाईंनी एकदा ठेवलेले नाव बदलायची येलदरीत कुणाची छाती नाही. पूर्णा नदीवरच्या धरणाच्या खालच्या अंगाला त्यांचे घर आहे. ओसरीवरच्या फळीवर मी असतो. माझा पांढरा रंग पिवळा पडला आहे, डोळ्यांवर ओढायच्या काळ्या काचेवर ओरखडे आहेत आणि कानांच्या गाद्यांचे पापुद्रे निघाले आहेत. तरी मित्रांनो, माझ्या तोंडावर जाऊ नका. मी आभाळ पाहिले आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. कापडाचे थर एकावर एक चिकटवून मला कडक केले. आत मऊ अस्तर आले. दोन्ही बाजूंना ऐकण्यासाठी दोन गोल कर्णे बसवले आणि पुढे प्राणवायूचा मुखवटा अडकवण्यासाठी कड्या. त्या मुखवट्यात बोलायचे यंत्र असते. म्हणजे असे बघा, जमिनीवरून येणारा हुकूम माझ्या कानातून आत जायचा, आणि वैमानिक जे बोलायचा ते माझ्यातूनच बाहेर पडायचे. वरचे आणि खालचे दोन्ही आवाज पहिल्यांदा मला कळायचे. या गोष्टीचा मला गर्व होता. अजूनही थोडा आहे, लपवून काय करू?

मी ज्याच्या डोक्यावर बसलो त्याचे नाव सिद्धोधन. रंगनाथराव आणि चांगुणाबाईंचा एकुलता एक मुलगा. जिंतूरला एसटीने जाऊन-येऊन शिकला, पुढे परीक्षा देत देत हवाई दलात पोचला. माझे अस्तर त्याच्या डोक्याच्या मापाने कापले होते, त्यामुळे दुसऱ्या कुणाला मी नीट बसतच नसे. तळावर चंद्रभान नावाचे एक गृहस्थ आमची निगा राखत. रोज मला आतून पुसायचे, कर्ण्यांना कान लावून बघायचे, कडी न् कडी ओढून पाहायचे. "याच्या आत एका आईचं पोरगं बसतं," असे म्हणत ते मला खुंटीवर टांगायचे. इतक्या मायेने मला पुन्हा कुणी पुसेल असे वाटले नव्हते.

विमान वर गेले की सिद्धोधनच्या सोबतीला एक आवाज असायचा. तो रेणुकाचा. रेणुका सोलापूरकडची. ती जमिनीवर, रडारच्या खोलीत पडद्यासमोर बसायची आणि कुठे वळ, किती उंच जा, कोण कुठून येत आहे, हे वैमानिकांना सांगायची. तिच्याही वर मुख्यालयातले मोठे साहेब असत. हुकूम त्यांचा, आवाज रेणुकाचा आणि हात सिद्धोधनचा. बोलणे सगळे इंग्रजीत चाले, तुमच्यासाठी मी ते मराठीत सांगतो.

सुरुवातीला या दोघांचे अजिबात पटत नसे. एकदा सरहद्दीजवळ सिद्धोधन एका परक्या विमानाच्या मागे लागला. ते पुढे पळत होते आणि हा वाऱ्यासारखा मागे. तेवढ्यात माझ्या कानात रेणुका म्हणाली, "मागे फिर." सिद्धोधन पुढेच चालला. तिने पुन्हा सांगितले, "मागे फिर. लगेच." त्याने दात असे आवळले की माझा हनुवटीचा पट्टा ताणला गेला. पण तो फिरला.

खाली उतरल्यावर त्याने मला टेबलावर जवळजवळ आपटलेच. त्या दिवसाची चर्चा करायला रेणुका तळावर आली होती. तो तिला म्हणाला, "हातातोंडाशी आलेला घास काढून घेतलास. खोलीत बसून तुम्हाला काय कळतंय वरचं?"

रेणुका चिडली नाही. तिने टेबलावर चहाचा एक कप ठेवला. "हा तुला दिसत होता." मग त्याच्या खालच्या अंगाला, डोंगर म्हणून उभ्या केलेल्या डब्याच्या आड, आणखी दोन कप ठेवले. "हे मला दिसत होते. तुझी वाट बघत."

सिद्धोधन कपांकडे बघत राहिला. कान त्याचे लाल झाले. मग त्यातलाच एक कप उचलून तो चहा प्यायला आणि म्हणाला, "माझ्या बापाची एक गोष्ट सांगू?"

ती गोष्ट मी टेबलावर बसून ऐकली, आणि तुम्हाला सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

रंगनाथराव येलदरीच्या धरणावर कामाला होते. दारे उघडायचा हुकूम वरून यायचा. पण दारे उघडण्यापूर्वी एक माणूस नदीकाठाने खाली चालत जायचा आणि पात्रात कुणी आहे का ते बघायचा. तो माणूस म्हणजे रंगनाथराव. कारण खाली खडकांवर भोई जाळी टाकून बसलेले असत, बायका धुणे धूत असत. पात्रात कुणी नसले तर चौकीवरच्या फोनवरून ते कळवत, "नदी मोकळी." मगच दारे हलत. कुणी दिसले तर लाल निशाण दाखवायचे आणि फोन करायचा, "नदीत माणूस हाय." असे म्हटले की वरच्या कितीही मोठ्या साहेबाचा हुकूम असो, दार जागचे हलत नसे. हा तिथला शिरस्ता.

एका वर्षी धरण काठोकाठ भरले होते. हुकूम आला. रंगनाथराव खाली गेले तर लांब एका खडकावर त्यांना लाल काहीतरी दिसले. बाई वाकून धुणे धूत असावी असे वाटले. त्यांनी निशाण उंच केले आणि फोन न करताच, "सरका, पाणी यायलंय!" असे ओरडत खडकांवरून धावत सुटले. जवळ जाऊन बघतात तर काय? कुणीतरी वाळत घालून विसरलेले लुगड्याचे फडके. ते परत चौकीवर येईपर्यंत वरच्यांना काहीच कळेना. दारे थांबलेली, पाणी चढत चाललेले, आणि धरणाच्या मागच्या शेतांत शिरायला लागलेले.

धरणावरचे इंजिनिअर आबासाहेब खाली आले. रंगनाथराव मान खाली घालून उभे. वाटले, आता नोकरी गेली. आबासाहेब म्हणाले, "रंगनाथ, तू थांबवलंस ते बरोबर केलंस. उद्या पुन्हा लाल दिसलं तर पुन्हा थांबव. पर थांबवून मला आंधळं ठेवलंस, ते चुकलं. मला धरण दिसतं, नदी दिसत न्हाई. तुला नदी दिसती, धरण दिसत न्हाई. निशाण वर केलं की लगोलग बोलायचं. काय दिसायलंय, ते सांगत राहायचं."

नोकरी वाचली, पण गावाला विषय मिळाला. गावाचे तोंड कोण धरणार? तेव्हापासून रंगनाथरावांचे नाव पडले फडकंवाला रंगनाथ. लग्नाच्या पंगतीत बसले तरी कुणीतरी म्हणायचेच, "फडकंवाले, वाढू का थांबू?" हसणारे हसत. पण रंगनाथराव घरी आले की जेवण त्यांना गोड लागत नसे.

गोष्ट संपवून सिद्धोधन रेणुकाला म्हणाला, "तेव्हा तुला धरण दिसतं, हे मला मान्य. तू फिर म्हणालीस की मी फिरेन. पण मी थांबलो तर?"

"तर मी तुला घाई करणार नाही," रेणुका म्हणाली. "पण मला आंधळं ठेवायचं नाही."

तेवढेच. हात मिळवले नाहीत की शपथा घेतल्या नाहीत. चहा मात्र दोघांनी आणखी एकेक घेतला.

आणि मित्रांनो, मग ती सकाळ आली.

सरहद्दीवर वातावरण तापलेले होते. रात्रभर धुळीचे वादळ होऊन गेले होते आणि उजाडल्यावरही आभाळ गढूळच होते. आम्ही वर होतो. एक विमान सरहद्दीकडून आत येत होते. सावकाश, खालून. कुणाच्याही हाकेला ओ देत नव्हते. त्याच्या वाटेवर तेलाच्या मोठ्या टाक्या असलेले एक गाव होते. बॉम्ब घेऊन कुणी त्या टाक्यांवर आले तर गावाची राख व्हायला वेळ लागला नसता.

माझ्या कानात रेणुकाचा आवाज आला. नेहमीसारखाच, पण जरा कोरडा. "हुकूम आहे. पाडा."

आम्ही त्या विमानाच्या मागेच होतो. आमच्या पंखाखालच्या अस्त्राला समोरच्या इंजिनाची ऊब लागली की माझ्या कर्ण्यांत गुरगुर सुरू होते. तशी ती सुरू झाली. कुत्रा साखळी ओढतो तशी. सिद्धोधनचा अंगठा बटणावर गेला. धुळीत समोर नुसता एक काळा ठिपका दिसत होता.

"थांबतोय," तो म्हणाला. आणि श्वास न घेता पुढे बोलू लागला, "वेग फार कमी आहे. जवळ जाऊन बघतो. दोन पंखे आहेत. लढाऊ नाही. लहान विमान आहे."

रेणुका म्हणाली, "ऐकतेय. हुकूम कायम आहे. बोलत राहा."

आम्ही त्याच्या शेजारी गेलो. आमचे विमान इतक्या हळू उडायला राजी नसते, ते थरथरू लागले. सिद्धोधनने मान वळवली आणि त्याच्याबरोबर मीही वळलो. त्या विमानाला खिडक्या होत्या. पुढची काच धुळीने आंधळी झाली होती. मागच्या खिडकीत काहीतरी पांढरे हलत होते. कापड. आणि ते कापड एका लहानशा हातात होते.

इतकी वर्षे घोटलेली इंग्रजी त्या क्षणी सिद्धोधनला सोडून गेली. मुखवट्यात तो एवढेच म्हणाला, "नदीत माणूस हाय."

माझ्या कानात नुसती खरखर. ती खरखर माझ्या सगळ्या आयुष्यातली सर्वांत लांब खरखर होती.

मग रेणुका बोलली. तिचा आवाज आता कोरडा नव्हता. "समजलं. मुख्यालयाला सांगितलं आहे. तिकडून उत्तर असं आहे, की रेल्वेच्या रुळांपर्यंत थांबायला परवानगी. रूळ ओलांडून ते गावाकडे गेलं, तर हुकूम पाळायचा. कबूल?"

सिद्धोधनने खाली बघितले. रूळ फार लांब नव्हते.

"कबूल," तो म्हणाला.

पुष्कळांना वाटते की शूर वैमानिक म्हणजे वरच्यांचे न ऐकणारा. मला त्यांना त्या 'कबूल'च्या वेळी सिद्धोधनच्या डोक्यावर बसवायला आवडले असते. त्याला तो हात दिसला होता. पण मुख्यालयातल्या साहेबांना गाव दिसत होते, आणि गावातही तसेच लहान हात होते. हे त्याला कळत होते म्हणूनच त्याला दरदरून घाम फुटला होता. माझे अस्तर चिंब झाले.

त्याने विमान पुढे घेतले, पंख डावी-उजवीकडे हलवले. माझ्या मागे ये, अशी ती खूण. समोरचे सरळच चालले. त्याने पुन्हा वळसा घेतला, पुन्हा पंख हलवले आणि प्रत्येक गोष्ट बोलत राहिला. "बघत नाही. काच धुळीने भरली आहे. बाजूच्या खिडकीकडून जातो." रूळ जवळ आले. शेवटी तो नाइलाजाने पुन्हा मागे आला. कर्ण्यांत परत ती गुरगुर सुरू झाली. मी खोटे बोलणार नाही, मित्रांनो. त्याचा अंगठा बटणावर परत गेला. त्या अंगठ्याइतके जड काही मी पाहिलेले नाही.

आणि तेवढ्यात त्या लहान विमानाच्या पोटातून चाके खाली आली.

उडताना चाके खाली सोडणे म्हणजे शरण येणे. मी तुमचे ऐकतो, म्हणाल तिथे उतरतो, असे सांगणे. त्याच्या वैमानिकाला आमची खूण अखेर दिसली होती. विमान हळूहळू वळले. रूळ उजव्या हाताला राहिले.

"चाकं खाली," सिद्धोधन म्हणाला. त्याचा आवाज चिरकला. "वळलंय. नदी मोकळी."

ते आजारी माणसांना नेणारे विमान होते. वादळात त्याची वीज गेली, बोलायचे यंत्र मुके झाले आणि वाट चुकून ते भलतीकडे गेले होते. आत एक आजारी बाई, डॉक्टर आणि त्या बाईची लहान मुलगी होती.

पुढे चौकशी झाली. बंद खोलीत आमचे सगळे बोलणे पुन्हा वाजवले गेले. 'नदीत माणूस हाय' आले तेव्हा तिथल्या एका वरिष्ठांनी हात वर करून ते थांबवायला लावले. "ही कुठली सांकेतिक भाषा?" सिद्धोधन उठून म्हणाला, "सर, आमच्या येलदरीची." मग रेणुका उठली. म्हणाली, मी ती शिकले होते. आणि मी मुख्यालयाला सांगितले होते की हा वैमानिक फिरायला सांगितल्यावर फिरतो, तेव्हा तो थांबला आहे तर त्याचे ऐकावे. त्या सकाळी हुकूम देणारे साहेबही तिथेच होते. ते म्हणाले, "मला दिसत होतं गाव. त्यानं मला खिडकी दाखवली. मग मी रूळ दिले." चुकीच्या भाषेत बोलल्याबद्दल सिद्धोधनला समज देण्यात आली. बक्षीस वगैरे काही नाही. पण नव्या पोरांना शिकवायचे काम पुढे त्याच्याकडे आले, ते आजही त्याच्याकडे आहे.

आणि मी? माझ्या कवचाला चीर गेली. निकामी ठरवून मला आठवण म्हणून सिद्धोधनच्या हाती दिले. तो मला येलदरीला घेऊन आला. त्या सकाळची गोष्ट त्याने घरी सांगितली नाही. कामाच्या गोष्टी घरी बोलायच्या नाहीत, ही त्याची सवय. त्यामुळे मी कोण, काय, कुणालाच कळले नाही. आधी मला भिंतीवर बाबासाहेबांच्या तसबिरीखाली मानाची जागा होती. घरात मोठा टीव्ही आला आणि माझी रवानगी ओसरीवर झाली. मग चांगुणाबाई माझ्यात लसूण ठेवू लागल्या. त्यानंतर एका तांबड्या कोंबडीने मला पाहिले. तिला माझे अस्तर पसंत पडले. आभाळात गर्जत फिरलेला मी, अंडी उबवत बसलो! रडावे की हसावे? कोंबडी उबदार होती, हे मान्य करायला हवे.

गेल्या हिवाळ्यात सिद्धोधन रजेवर आला. सोबत रेणुका होती. आता तिचे केस पिकले आहेत, नोकरी संपली आहे. ती ओसरीवर आली आणि मला बघून जागीच थांबली. मी आतल्या आत म्हटले, हिने मला ओळखले!

"जय भीम, बाई. बसा, बसा," रंगनाथराव म्हणाले. त्यांना आता कमी ऐकू येते. चांगुणाबाई लगबगीने म्हणाल्या, "आगं बाई, कोंबडी उठीव रे त्यातून, सिद्धू. पाव्हणी काय म्हनंल!"

रेणुका रंगनाथरावांच्या जवळ बसली. "काका, तुमच्या फडक्याची गोष्ट मला ठाऊक आहे."

रंगनाथरावांचा चेहरा उतरला. सोलापूरपर्यंत गेली म्हणजे गोष्ट! ते जमिनीकडे बघत म्हणाले, "आता काय सांगू बाई. लाल दिसलं, थांबिवलं. लोक हसायलेत अजून."

तेव्हा रेणुकाने ती सकाळ सांगितली. मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून, त्यांना ऐकू जाईल अशी. चुकलेले विमान, पाडायचा हुकूम, टाक्यांचे गाव, रूळ. सिद्धोधन खांबाला टेकून पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत होता. शेवटी ती म्हणाली, "तुमच्या मुलानं तिथून काय सांगितलं, माहीत आहे? नदीत माणूस हाय."

रंगनाथरावांनी आधी सिद्धोधनकडे बघितले. मग त्यांनी थोडे भीतभीतच विचारले, "या बारीला तरी फडकं न्हाई ना निघालं?"

रेणुकाच्या डोळ्यांत पाणी आले. "फडकंच होतं, काका. पण ते धरणारा एक हात होता. ती मुलगी आता कॉलेजात जाते."

म्हातारा उठला. माझ्यातले गवत आणि पिसे त्याने स्वतः झटकली. धोतराच्या सोग्याने मला आतून, बाहेरून पुसले. चंद्रभान पुसायचे तसेच. "आवं, कान जपून," चांगुणाबाई म्हणाल्या. "त्येला बी कान हायेत."

तर मित्रांनो, माझे मागणे फार नाही. तुम्ही उद्या मोठे व्हाल. कुणी हुकूम द्याल, कुणाच्या हातात बटण येईल. हुकूम देणाऱ्यांनो, काठावरच्या माणसाला विचारा, तुला काय दिसतंय? आणि काठावरच्यांनो, थांबायची वेळ आली तर बेधडक थांबा, पण वरच्यांना अंधारात ठेवू नका. माझ्यासारखे जुने टोप आणि रंगनाथरावांसारखी जुनी माणसे घरात असतील तर त्यांना कोपऱ्यात टाकण्याआधी एकदा विचारून बघा. कोणत्या घरातल्या फडक्याने कुणाचा जीव वाचवला असेल, सांगता येत नाही.

दारे उघडण्याआधी धरणाचा भोंगा आजही वाजतो. रंगनाथरावांना तो ऐकू येत नाही. चांगुणाबाई त्यांच्या खांद्याला हात लावतात, मग ते उठून ओसरीच्या कडेला येतात, कपाळावर हात धरून पात्रातला खडक न् खडक निरखतात आणि मोठ्याने सांगतात, "नदी मोकळी."

आता ते ऐकायला कुणी नसते, असे चांगुणाबाईंना वाटते. फळीवर मी असतो.